उद्योजक भित्रे असतात म्हणे!

लेथवाला
काल इथे ‘उंटावरचा’ यांनी एक पोस्ट टाकली. तिचा सारांश असा: सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना तर १५. बँकांची बुडीत कर्जे निस्तरली. केंद्र भांडवली खर्चाला वर्षाला ११ लाख कोटींच्या वर ठेवतेय. तरीही आपले कारखानदार यंत्रे घेत नाहीत, पैसा फ्लॅटमध्ये कोंबतात, कारण ते भित्रे आहेत. शेवटचे वाक्य: ‘धमक लागते राव.’

दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो. झोप लागली नाही, म्हणून हे लांबण.

तो २२ टक्के कर कंपन्यांना. माझी भागीदारी फर्म, मी आणि मेहुणा. आम्हाला तेव्हाही ३० आणि आजही ३०. भोसरीत आमच्या गल्लीत चौदा शेड आहेत, त्यात प्रायव्हेट लिमिटेड दोन. बाकी बारांना तुमची ती ऐतिहासिक करकपात पेपरात वाचायला मिळाली.

आता धमक. २०१८ च्या दिवाळीत दुसरी व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीन) घेतली, ३४ लाखांची. पूजा केली, पेढे वाटले, ऑपरेटरला पंधरा दिवस ट्रेनिंगला पाठवला. २०१९ उजाडले आणि गाड्यांचा धंदा बसला. आमचे शेड्यूल महिन्याला ४००० नगांवरून १४०० वर. मशीन तीन शिफ्ट चालेल या हिशेबाने हप्ता बांधलेला, चालत होती एक, तीही लंगडी. मग मार्च २०२०. तेव्हा परवानगी मिळाली की शेडवर जाऊन स्पिंडल पंधरा मिनिटे नुसता फिरवून यायचो, बेअरिंग जाम होऊ नये म्हणून. पूर्ण इस्टेट शांत, आणि माझ्या शेडमध्ये ३४ लाखांची घरघर. कुठलाही जॉब न लावता.

यंत्र ऑर्डर बघून घेतात हो, कर बघून नाही. आणि ऑर्डर असली तरी बिल नव्वद दिवसांनी. तुमच्या पगाराला नव्वद दिवस लावून बघा, मग ‘धमक’ शब्द काढा.

उंटावरचा
लेथवाले, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण एका शेडवरून देश मोजू नका. विदा, म्हणजे आकडेवारी बघा. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला स्थिर भांडवलातली (यंत्रे, इमारती, रस्ते वगैरे) गुंतवणूक जीडीपीच्या १० टक्क्यांच्या आसपास होती. ऐंशीच्या दशकात विशीच्या आगेमागे. २००७-०८ ला ३५ च्या घरात, २०११-१२ लाही ३४. मग उतरण, २०१५-१६ ला २९ च्या खाली. आणि एवढे सगळे करून आज कुठे? ३० च्या आसपास. चीन वीस वर्षे चाळिशीच्या आगेमागे ठाण मांडून आहे. याच मातीतले कारखानदार २००५ मध्ये वाघ होते. मग मांजर कधी झाले? माझा प्रश्न एवढाच आहे.

खडूफळा
वाघ नव्हते, कर्जबाजारी होते. २००३ ते २००८ मध्ये वीज, पोलाद, रस्ते यांत जो पैसा ओतला गेला तो बव्हंशी बँकांचा. कोळसा आला नाही, जमीन मिळाली नाही, प्रकल्प अडकले. मार्च २०१८ ला बँकांची ढोबळ बुडीत कर्जे ११.२ टक्के होती, ती काय आकाशातून पडली? तुम्ही ज्याला सुवर्णकाळ म्हणता त्याचे बिल पुढची दहा वर्षे फेडले.

उतरण पहिल्यांदाच आली असेही नाही. १९६५-६६ चे युद्ध आणि दुष्काळ, जून १९६६ चे अवमूल्यन, मग तीन वर्षे पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी. सरकारी गुंतवणूक आटली आणि यंत्रे बनवणारे कारखाने कितीतरी वर्षे सुस्तावले. त्याआधी योजनाकार महालनोबिसांनी दुसऱ्या योजनेत भिलाई, राउरकेला, दुर्गापूर उभे केले तेव्हा मुंबईत बसून सी. एन. वकील आणि ब्रह्मानंद हे अर्थशास्त्रज्ञ सांगतच होते की आधी धान्य-कापडाचे बघा. त्यांचे कोणी ऐकले नाही. असो, ते माझे जुने दुखणे.

आणि एक बारीक गोष्ट. तुम्ही ३० टक्के म्हणता त्यात साधारण चाळीस टक्के वाटा ‘घरगुती क्षेत्राचा’. त्यात राहती घरे आणि मालकी-भागीदारीतले बरेच छोटे धंदेही येतात. म्हणजे लेथवाले, तुमची व्हीएमसी सरकारी हिशेबात कोणाच्या तरी मोरीच्या फरशीशेजारी बसली असण्याची दाट शक्यता आहे.

न्यूजर्सीकर
मी तर इथून पाठवतोच आहे की. वाकडला एक फ्लॅट आणि तळेगावला एनए प्लॉट. आमच्यासारख्यांची गुंतवणूक का कोणी मोजत नाही?

खडूफळा
फ्लॅट नवा घेतला असेल तर मोजला. प्लॉट शून्य. जमीन काही तुम्ही निर्माण केली नाही, सात-बाऱ्यावरचे नाव बदलले फक्त. जुना फ्लॅट असेल तर तोही जवळजवळ शून्यच, फार तर दलाली आणि नोंदणीचा खर्च धरतील.

न्यूजर्सीकर
६८ लाख शून्य? काय लॉजिक आहे! ज्याने विकला त्याला ते पैसे मिळालेच ना?

खडूफळा
मिळाले. त्याने काय केले?

न्यूजर्सीकर
मला काय माहीत. स्कॉर्पिओ घेतली असे ऐकले.

कोपऱ्यातला
घरच्या वापराची स्कॉर्पिओ म्हणजे उपभोग. धागा योग्य दिशेने चालला आहे. शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

भाड्याच्या_खोलीतला
हसू येत नाहीये. मी पुण्यात अकरा वर्षे भाड्याने राहतो. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचे तिन्ही फ्लॅट ताबा मिळाल्यापासून बंद. एकाच्या बाल्कनीत बिल्डरने दिलेले तुळशीवृंदावन आहे, त्यात पिंपळ उगवलाय, आता तो ग्रिलमधून बाहेर आलाय. २०११ च्या जनगणनेत देशात जवळजवळ २.५ कोटी घरे रिकामी निघाली होती. हे म्हणे भांडवल! मालक कुठे? न्यू जर्सी, डब्लिन, सिंगापूर. तुमच्यासारख्यांमुळे इथल्या पोरांना घर परवडत नाही.

न्यूजर्सीकर
माझ्या घामाचा पैसा आहे. डॉलर येतात तेव्हा सगळ्यांना गोड लागतात. आणि माझा फ्लॅट रिकामा नाही, आईबाबा येतात अधूनमधून.

भाड्याच्या_खोलीतला
अधूनमधून. वा.

गंठण
अवांतर: बायकोचे दागिने कशात येतात?

खडूफळा
सोनेनाणे ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळ्या रकान्यात. एकूण भांडवल निर्मितीत धरतात, स्थिर भांडवलात नाही. कृपया आता मंगळसूत्रावर जाऊ नका.

निवृत्त_पाटकरी
भिंती मोजायच्या तर आमचे कालवेही ऐका. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झाली. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा अंदाजपत्रक ३७२ कोटींचे होते. पुढे ते १८ हजार कोटींच्या वर गेले. दर वर्षी जेवढे काम ‘झाले’ तेवढे त्या वर्षीच्या भांडवल निर्मितीत जमा. पाणी शेतात पोचले का, हा रकानाच नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचन ०.१ टक्का वाढल्याचे दिसले तेव्हा कुठे बोंब झाली आणि २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली.

मी ज्या कालव्यावर अकरा वर्षे काढली त्याचे नाव घेत नाही. मुख्य कालवा झाला, वितरिका झाली, पाटचाऱ्या राहिल्या. भूसंपादन अडले, ठेकेदार बदलला, मग दर बदलले. निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम बघायला गेलो. अस्तरीकरण अजून चकचकीत, कारण पाणी कधी आलेच नव्हते. आणि आत धान वाळत घातलेले, नजर पोचेल तिथपर्यंत. एक म्हातारी पायाने धान फिरवत होती. म्हणाली, साहेब, खळं मात्र झकास बांधलं तुम्ही.

तेव्हा टक्का ३० आहे की ३५, यावर मारामारी करणाऱ्यांनी आधी कशाचे ३५ ते सांगावे.

उंटावरचा
काका, हे मान्य. पण आता मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग बघा. ७०१ किलोमीटर, २०२२ च्या डिसेंबरात पहिला टप्पा खुला, २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा. आता गोसीखुर्दसारखी चाळीस वर्षे लागत नाहीत. सरकार आपले काम करतेय. २०१९-२० ला केंद्राचा भांडवली खर्च ३.३६ लाख कोटी होता, आता तिपटीच्या वर. रस्ता तयार आहे, त्यावरून माल नेणारा कुठे आहे?

मागवाला
माल हाय की, पर कशावर काढलेला? इचलकरंजीत या. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बसल्या, तितले माग भंगारात वजनावर निघाले. आमच्या वडिलांनी आठ आणले, ट्रकबरोबर स्वतः बसून. त्याच्यावर आमचं तिघा भावंडांचं शिक्षण झालं. पुढं १९९९ ला केंद्राची यंत्र सुधारणेची योजना आली, व्याजात ५ टक्के सूट, तवा काहींनी शटललेस, म्हंजे बिनधोट्याचे नवे माग घेतले. त्यातबी बरेच युरोपात वापरून झालेले सुलझर कंपनीचे. आता सांगा, ही गुंतवणूक का भंगार?

खडूफळा
गंमत आहे. मुंबईचा माग तुमच्याकडे आला तर देशाच्या हिशेबात शून्य, गिरणीची वजाबाकी आणि तुमची बेरीज. बाहेरून आणलेला वापरलेला सुलझर मात्र पूर्ण धरतात, कारण देशात तो पहिल्यांदाच आला.

मागवाला
म्हंजे तिकडचं भंगार आणलं की देश पुढं गेला, आन् लालबागचा चालू माग आणला की शून्य. भारीच शास्त्र हाय तुमचं! आमच्या वडिलांना सांगायला पायजे होतं.

ऊसकरी
‘धमक’ हा विषय निघालाच आहे तर प्रवरानगरला १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी साखर कारखाना उभा केला तो काय नुसता बँकेच्या जिवावर? विठ्ठलराव विखे गावोगाव फिरले, अध्यक्ष धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ. पुढे सहकारात उसाच्या बिलातून ठेवी कापून भांडवल जमवले. आजही कापतात, फक्त त्यातून काय उभे राहते ते विचारायचे नसते. माझ्या बिलातून कापलेल्या ठेवीची पावती अजून कपाटात आहे. विषय वेगळा आहे, थांबतो.

कॅशकाउंटर
बराच वेळ वाचतेय. वीस वर्षे सरकारी बँकेत आहे, कर्ज विभागातही होते, म्हणून लिहिते. फ्लॅटवरून भांडताय, पण फ्लॅट का घेतात ते कोणी बोलतच नाही. यंत्र शोरूममधून निघाले की तारण म्हणून आम्ही त्याला फारशी किंमत लावत नाही. जप्त केलेली व्हीएमसी विकायची कोणाला? फ्लॅट मात्र विकला जातो. लघुउद्योगांसाठी बिनतारण कर्जाला हमी देणारा निधी २००० पासून आहे, हे मला माहीत आहे, कृपया कोणी शिकवू नये. पण खाते बुडले की चौकशी निधीची होत नाही, सही करणाऱ्या मॅनेजरची होते. माझ्या एका सहकाऱ्याची निवृत्ती त्यात अडकली. त्यानंतर आमच्या शाखेत घराचे कागद असल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे. भित्रे म्हणायचे तर आधी आम्हाला म्हणा.

उंटावरचा
कॅशकाउंटर ताई, म्हणजे बँका साफ झाल्या पण घाबरून साफ झाल्या. हे माझ्या पोस्टमध्ये नव्हते. मान्य. पण रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत कारखान्यांचा क्षमतावापर कित्येक तिमाह्या ७५ टक्क्यांच्या आसपास दिसतो, म्हणजे चौथा हिस्सा यंत्रे रिकामीच. हा आकडा लेथवाल्यांच्या बाजूने जातो, हेही मान्य करतो. खूश? तरी मोठ्या कंपन्यांबद्दलचे माझे मत कायम आहे. त्यांना ना तारणाची अडचण, ना नव्वद दिवसांची. उलट नव्वद दिवस लावतात तेच.

लेथवाला
शेवटचे वाक्य फ्रेम करून शेडमध्ये लावतो.

आता ताईंनी विषय काढलाच आहे तर सांगून टाकतो, नाहीतर उद्या गल्लीतलाच कोणीतरी इथे येऊन लिहील. २०२१ च्या शेवटी कामे परतली. तिसरी मशीन घ्यायची होती. मॅनेजर म्हणाले, तारण काय देता? पहिले घर दुसऱ्या मशीनला अडकलेले. मग मी आणि मेहुण्याने मिळून मोशीत एक टू बीएचके बुक केला. विचार असा, की ताबा मिळाला की तो गहाण ठेवू आणि मशीन घेऊ. ताबा मिळायला सव्वादोन वर्षे लागली. तोवर ज्या पार्टसाठी मशीन हवी होती तो चाकणच्या दुसऱ्या व्हेंडरकडे गेला.

तर हो उंटावरचे साहेब, मी पैसा फ्लॅटमध्ये घातला. आपले भाकीत खरे ठरले, हार्दिक अभिनंदन. खडूफळा सर, तो नवा होता, तेव्हा देशाच्या भांडवलात भर पडली असेल.

भाड्याच्या_खोलीतला
रिकामा आहे का तो?

लेथवाला
गेल्या महिन्यापासून. भाडेकरूची बदली झाली. पाणी टँकरचे आहे, आधीच सांगतो.

न्यूजर्सीकर
मोशीत सध्या स्क्वेअर फुटाला काय दर आहे?

लेथवाला
तुम्हाला विकत नाही. भाड्याच्या खोलीतले, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.