स्टॉकहोमला एक दिवस अपुराच

स्टॉकहोम महागडे आहे आणि एका दिवसात पाहून होते, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटले. महागाईबद्दल वाद नाही. पण एकट्या वासा संग्रहालयालाच अर्धा दिवस सहज लागतो. १६२८ साली पहिल्याच सफरीत, जेमतेम तेराशे मीटर गेल्यावर, वाऱ्याने कलंडून आणि तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी शिरून बुडालेली वासा ही युद्धनौका १९६१ मध्ये वर काढण्यात आली; तीच या संग्रहालयात ठेवली आहे. बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारी सागरी कीड तेथे तग धरत नाही, म्हणूनच नौकेच्या पिछाडीवरचे कोरीव सिंह आजही स्पष्ट ओळखू येतात. शेजारचे स्कान्सेन हे खुले संग्रहालय मुले सोबत असल्यास अवश्य पाहावे.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी भुयारी रेल्वेचे तिकीट काढावे. टी-सेंट्रालेन स्थानकात निळ्या मार्गिकेच्या फलाटावर खडकाच्या पांढऱ्या छतावर रंगवलेल्या निळ्या वेली आणि सोल्ना सेंट्रमचे लालभडक छत तेवढ्या तिकिटातच पाहून होते, आणि (माझ्या मते तरी) काही कलादालनांपेक्षा ते सरस आहे. गाम्ला स्तान या जुन्या गावठाणात हिंडायलाही पैसे पडत नाहीत. फक्त तेथे दुकाने उघडण्यापूर्वी जावे.