‘क्रुएल्टी-फ्री’ला मराठीत काय लिहायचं? लेबलसाठी हवंय

रानजाई
आमचा बचत गट रिठ्याचं भांड्यांचं लिक्विड, उटणं आणि थंडीत ओठांचं मलम बनवतो. दीडेक वर्षापासून मी घरातला साबण, शांपू, फरशीचं लिक्विड जसजसं संपेल तसं बदलत गेले, प्राण्यांवर चाचण्या न केलेलंच आणायचं ठरवलं, आणि मग वाटलं आपल्याही मालावर हे लिहायला हवं. पण ‘क्रुएल्टी-फ्री’ बाजारातल्या मावशींना कळत नाही आणि ‘क्रूरतामुक्त’ लिहून दाखवलं तर एकीने विचारलं, म्हणजे अंगाला झोंबत नाही असं का? कुणाची क्रूरता, कुणावर, काहीच पोचत नाही. शब्द सुचवा ना.

मिरजकर
ताई, प्राणिस्नेही? पर्यावरणस्नेही रुळलाय की.

शब्दवेडी
प्राणिस्नेही वाचून मला तरी कुत्र्यामांजरांचा शांपू वाटेल. ‘चाचणीमुक्त’ तर अजिबात नको, चाचणीच केलेली नाही असा अर्थ होतो आणि कोण लावेल मग तोंडाला. ‘अहिंसक’चा विचार केला होता, अहिंसा सिल्क हे नाव आहेच (त्यात पतंग कोशातून बाहेर पडल्यावर धागा काढतात, एरवी कोश आतल्या जिवासकट उकळतात) पण अहिंसक आपण आंदोलनाला म्हणतो, ‘अहिंसक उटणं’ म्हणताना जीभ अडते.

बोरूबहाद्दर
आधी एक गोष्ट वेगळी करा, इथे दोन अर्थ आहेत आणि लोक दोन्ही एकाच शब्दात कोंबतात. क्रुएल्टी-फ्री म्हणजे साधारणपणे प्राण्यांवर चाचणी नाही. ड्रेझ टेस्ट ऐकली असेल, १९४४ पासूनची, सशाच्या डोळ्यात ते द्रव्य घालायचं आणि किती लाल होतं, किती सूज येते ते बघत बसायचं. वीगन म्हणजे घटकच प्राण्यांचे नाहीत. पहिलं खरं असून दुसरं खोटं असू शकतं.

उदाहरण लिपस्टिकचं. घटकांत कार्माइन किंवा ‘सीआय ७५४७०’ दिसलं तर तो लाल रंग निवडुंगावरचे कोचिनियल किडे वाळवून काढलेला, खोक्यावर क्रुएल्टी-फ्रीची खूण म्हणून ससा छापलेला असला तरी. आणि आपला ‘किरमिजी’ बघा, अरबी-फारसीतल्या किर्मिझवरून आलेला, संस्कृत ‘कृमि’शी नातं सांगणारा, म्हणजे किड्याचा रंग. कार्माइन, क्रिम्झन त्याच घरातले. अळता म्हणजे अलक्तक, मुळात लाखेच्या किड्याचा लाल रंग, आता बाटलीत मिळतो तो बहुतेक कृत्रिम. जवादी मांजराचं तर नावच त्याच्या ग्रंथीतून खरवडून काढायच्या सुगंधी द्रव्यावरून पडलं, अरबीत ‘जबाद’, इंग्रजी सिव्हेटही तिथूनच. शब्दात तो जीव अजून आहे, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. मला हे फार लागतं मनाला.

मिरजकर
पण भारतात चाचण्यांवर बंदी आहे ना?

बोरूबहाद्दर
कॉस्मेटिक्सवर आहे, २०१४ पासून. मे महिन्यात चाचणीवर आली आणि नोव्हेंबरमध्ये तसा माल आयात करण्यावर. युरोपात विक्रीवरची पूर्ण बंदी २०१३ ची. पण भांड्यांचं किंवा फरशीचं लिक्विड कॉस्मेटिक नाही, तो नियम त्याला लागत नाही, म्हणून उटण्यापेक्षा रिठ्याच्या बाटलीवर ही ओळ जास्त गरजेची आहे. पुण्यात ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून आहे, म्हणजे पन्नास वर्षं झाली, आणि आपण अजून शब्दच शोधतोय.

शब्दवेडी
बिनछळाचं? बिनविषारी, बिनवासाचं तसं. बोलीतलं आहे, लगेच कळतं.

कुडाळकर काकू
छळ म्हटलं की आम्हा बायकांना सासुरवासच आठवतो गो, पेपरात ‘विवाहितेचा छळ’ वाचून वाचून. एक शब्द कशाला हवा, वाक्य लिही. आपल्याकडे ‘मुकं जनावर’ म्हणतात ना, त्यात सगळं येतं, दया पण आणि ते बोलू शकत नाही हे पण.

रानजाई
काकू, हे एकदम पटलं. मग असं लिहिते, आणि त्या झोंबण्याच्या प्रश्नाचं उत्तरही देते कारण आम्ही खरंच तसं करतो:

‘मुक्या जिवावर तपासलेलं नाही. आधी आमच्या हातावर लावून बघतो. यात प्राण्यांपासून काढलेलं काही नाही.’

तिसरी ओळ फक्त रिठ्यावर आणि उटण्यावर (आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, मुलतानी माती एवढंच असतं). ओठांच्या मलमात मधमाशीचं मेण आहे, त्यावर नाही लिहिणार.

कुडाळकर काकू
मेण काढ आणि कोकमाचं तेल घाल की. थंडीत घट्टच असतं, आमच्याकडे फुटलेल्या टाचांना, ओठांना तेच लावतात.

शब्दवेडी
‘जिवावर’ बदला रानजाई, जिवावर उठणं, जिवावर येणं हेच आधी डोळ्यासमोर येतं. ‘मुक्या प्राण्यांवर’ करा.

रानजाई
केलं. कोकमाचं तेल या आठवड्यात मागवते, तोवर मलमाची लेबलं छापायला देत नाही.