पं. राम मराठे आणि आपण ठाणेकर : तुमच्या आठवणी लिहा

नौपाड्याची लेक
महाशिवरात्रीच्या कार्यक्रमाची तालीम चाललीये सोसायटीत, त्यात वरच्या मजल्यावरचा मुलगा रामभाऊंचं, म्हणजे गायक-नट पं. राम मराठ्यांचं, 'जय शंकरा गंगाधरा' हे नाट्यगीत म्हणत होता आणि मी पिशव्या घेऊन जिन्यातच थांबले. आमच्या घरी हे रेडिओवर लागलं की बाबा कोणाला बोलू द्यायचे नाहीत. त्याचा राग अहिरभैरव, पण अहिरभैरव म्हणजे काय हे कळायच्या आधी तो कानात बसला तो असा.

रामभाऊंचा जन्म १९२४ चा, पुण्याचा. लहानपणी प्रभात फिल्म कंपनीच्या 'गोपाळकृष्ण' सिनेमात (१९३८) कृष्ण झाले, 'माणूस'मधला चहावाला पोऱ्यापण तेच. पुढे सिनेमा सोडून गाण्यालाच वाहून घेतलं. मिराशीबुवा, मास्टर कृष्णराव, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा पुरोहित, एवढ्यांकडे शिकले. नंतर आपल्या ठाण्याचे झाले. १९८९ साली गेले. एवढा मोठा ख्यालगायक (ख्याल म्हणजे रागदारी मैफलीतलं मुख्य गाणं) पण लोक अजून 'नाट्यगीतवाले' म्हणतात, ते मला मनाला लागतं. नाट्यगीतांनीच तर आमच्यासारख्यांना ख्यालापर्यंत नेलं. तुम्ही काय काय ऐकलंय ते लिहा ना.

चरईकर
'बसंत की बहार आयी' कोणीच नाही काढलं अजून?? 'मंदारमाला' नाटकातलं, १९६३. संगीतही रामभाऊंचंच, समोर प्रसाद सावकार. आजोबा सांगायचे एकाने तान टाकली की दुसरा त्याच्यावर टाकणार, लोक वन्समोअर देऊन देऊन उठायलाच तयार नाहीत, शेवटची गाडी चुकली तरी चालेल म्हणायचे. आणि 'सोहम हर डमरू बाजे' पण त्यातलंच. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते

ऐरोलीकर पेटीवाला
नाट्यगीतवाले म्हणणाऱ्यांनी त्यांचे जोडराग (दोन राग मिसळून केलेले) ऐकावेत एवढंच म्हणेन. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्ही घराण्यांचं घेतलेलं, पण गाताना कुठे जोड दिसत नाही. मी विशारदची परीक्षा करत असताना सरांनी रामभाऊंची एक कॅसेट दिली होती, घरगुती बैठकीची, खरखर भरपूर. द्रुत, म्हणजे जलद लयीचं, सुरू झाल्यावर मी मांडीवर मात्रा मोजायला लागलो आणि तालाच्या दोन आवर्तनांत हरवलो, रामभाऊ मात्र शब्द लयीत वाटत वाटत तिसरीकडूनच उठून बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. ती सम आली की अंगावर काटा यायचा, अजून येतो. ती कॅसेट एकाने ऐकायला नेली ती गेलीच.
आजच्यांत उल्हास कशाळकर ऐका, रामभाऊंकडे शिकलेत आणि गजाननबुवा जोशींकडेही.

फडके रोड
गजाननबुवा आमच्या डोंबिवलीचे हां

चरईकर
आले डोंबिवलीकर 😄 या या, चहा घ्या, पण धागा ठाण्याचाय

वाशीची मावशी
कॅसेटचं वाचून वाईट वाटलं, परत देतच नाहीत लोक. माझ्या पण दोन गेल्यात.
मी गाण्याच्या मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत शिकले, मग लग्न, नोकरी, लोकल, मुलं, गाणं कधी सुटलं कळलंपण नाही. रिटायर झाल्यावर इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, पूर्वी काळी पाच पट्टीत गायचे, आता आवाज उतरलाय, काळी तीनच्या वर जात नाही. पहिल्यांदा काय गायलं तर 'नारायणा रमारमणा', 'जय जय गौरीशंकर' नाटकातलं, शब्द एकही विसरले नव्हते! मिस्टर आतल्या खोलीतून उठून आले, बोलले काही नाहीत, पंखा बारीक केला आणि बसले ऐकत.

नौपाड्याची लेक
मावशी 🙏 रेकॉर्ड करून ठेवा हो, मुलांसाठी

कोपरी पूर्व
महापालिकेचा त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव असतो ना गडकरी रंगायतनला, मी ऑफिसमधून थेट जातो, मिळेल ती जागा. तिथे फार छान ऐकायला मिळालंय. फक्त गाडी नेऊ नका, तलावपाळीला लावायला जागा नसते, स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. येताना समोरून भेळ

फडके रोड
भेळ कुठली?? नीट पत्ता द्या

घोडबंदरची आई
जरा वेगळं विचारते. मुलगा तेराचा आहे, चार वर्षं शिकतोय, आता आवाज फुटतोय, वरचा सा लागत नाही म्हणून रडतो, क्लास सोडतो म्हणतो. काय करू?

ऐरोलीकर पेटीवाला
ताई सोडू देऊ नका. पट्टी खाली आणा, मंद्रात (खालच्या सप्तकात) सावकाश स्वर लावू दे, ताना वर्षभर बंद. सर तापट असतील तर तुम्हीच जाऊन बोला. आणि तेवढ्यात तबल्याला घाला, लय पक्की होते, आवाज स्थिर झाला की त्याचाच उपयोग.

घोडबंदरची आई
थँक्यू दादा, आज त्याला वाचून दाखवते. तबल्याचं तुमच्या ओळखीत कोणी, कासारवडवलीच्या आसपास?

वाशीची मावशी
माझा भाचा शिकवतो मानपाड्याला, मेसेज करते