'टोपोग्राफिकल' चित्र: निसर्गचित्र की स्थलचित्र?

पॉल सँडबी (१७३१–१८०९) या इंग्लिश चित्रकाराच्या जलरंगांवर लेख लिहितो आहे आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. त्याला 'टोपोग्राफिकल आर्टिस्ट', म्हणजे ठरावीक जागा हुबेहूब चितारणारा चित्रकार, म्हणतात. मी 'निसर्गचित्रकार' लिहिलं आणि खोडलं. विंडसरच्या राजवाड्याची त्याची चित्रं पाहा. उत्तरेकडची लांबलचक टेरेस, दगडी भिंती, निवांत फिरणारी माणसं. यात निसर्ग शोधावा लागतो. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद

घोळ 'लँडस्केप'च्या भाषांतरातच आहे. तो शब्द डच 'लँडस्खाप'वरून आला. त्याचा अर्थ भूभाग, मुलूख. त्यात घरं, रस्ते, चर्च सगळं बसतं. आपण 'निसर्ग' म्हटलं आणि माणसाने बांधलेलं सगळं बाहेर गेलं. चित्रकलेचे विद्यार्थी 'लँडस्केपला जातो' म्हणत घाटावर किंवा जुन्या पेठेत जाऊन बसतात ते बरोबरच करतात, तिथे 'निसर्गचित्राला जातो' म्हटलेलं विचित्र वाटेल.

प्रतिसाद

माझं मत 'स्थलचित्र'. ग्रीक 'टोपोस' म्हणजे जागा आणि 'ग्राफेन' म्हणजे लिहिणं, रेखाटणं. शिवाय शाळेच्या भूगोलात 'स्थलनिर्देशक नकाशा' आहेच, आणि सँडबीच्या बाबतीत हे नकाशाचं नातं खरंखुरं आहे. १७४६ मध्ये स्कॉटलंडमधल्या कलोडनला जॅकोबाइटांचं (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचं) बंड मोडलं, पण हायलँड्सचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाचा, धड नकाशा ब्रिटिश सैन्याकडे नव्हता. १७४७ मध्ये स्कॉटलंडची लष्करी मोजणी सुरू झाली आणि सँडबी तिथे आरेखक म्हणून लागला. त्या नकाशावर डोंगरांचे उतार ब्रशने, पातळ वॉशने (पाण्यात विरळ केलेल्या रंगाच्या थराने) दाखवलेले आहेत. नकाशावरचा डोंगर आणि चित्रातला डोंगर एकाच प्रकारच्या वॉशने उठतो! पुढे १७६८ पासून जवळपास तीन दशकं तो लंडनजवळच्या वुलिचच्या लष्करी अकादमीत चित्रकला शिकवत होता. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला समोरचा प्रदेश कागदावर उतरवता यायलाच हवा, म्हणून.

मूळ प्रश्नकर्ता

पटतंय, पण 'स्थलचित्र' कोरडं नाही का वाटत? सँडबीच्या आकाशात ढगांमागचा उजेड आहे, झाडांवर जीव आहे.

प्रतिसाद

हा कोरडेपणा शब्दाला चिकटवलेला आहे, शब्दात मुळात नाही. लंडनच्या रॉयल अकादमी या कलासंस्थेत फ्यूझेली हा चित्रकार व्याख्यानं देई, त्याने ठरावीक जागेचं हुबेहूब चित्रण हा चित्रकलेतला नीरस प्रकार ठरवला, आणि 'टोपोग्राफिकल' ही जवळजवळ शिवी झाली. सँडबी त्याच अकादमीचा संस्थापक-सदस्य! मराठीत ती अढी आणायचं काहीच कारण नाही. एखादी जागा तीच आहे हे ओळखू येईल इतकं नीट पाहणं यात कमीपणा कसला?

आपल्याकडचं उदाहरण लावून पाहा. पेशवाईत पुण्याच्या ब्रिटिश वकिलातीत चार्ल्स मॅलेट या इंग्रज वकिलासाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबटांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. त्यांना 'निसर्गचित्रं' म्हणाल? जीभ रेटणार नाही. 'स्थलचित्रं' लगेच बसतं.

मूळ प्रश्नकर्ता

गंगाराम तांबटांनी माझा प्रश्न सोडवला. आता एकच उरलं. त्या काळी अशा कामाला 'पेंटिंग' न म्हणता 'ड्रॉइंग' किंवा 'टिंटेड ड्रॉइंग' म्हणत. आधी रेषा, मग वरून रंगाचा हात. 'रंगीत रेखाचित्र' लिहिलं तर पेन्सिल-खडूचं काम वाटेल.

प्रतिसाद

'रंगछटा दिलेलं रेखाटन' असं एकदा उलगडून लिहा, नंतर नुसतं 'रेखाटन' चालेल. पण सँडबी अपारदर्शक रंगही भरपूर वापरायचा, तेव्हा सगळ्या चित्रांना एकच शब्द लावू नका. विंडसरची काही चित्रं पारदर्शक आहेत, काही नाहीत. प्रत्येक चित्राखाली माध्यम वेगळं लिहा.

मूळ प्रश्नकर्ता

पहिलं वाक्य आता असं: 'पॉल सँडबी हा स्थलचित्रकार, मोजणीच्या कामात त्याचा हात तयार झाला.' 'वॉश' मात्र वॉशच ठेवतो.