‘तेव्हा असंच होतं’ म्हणे!

घारी
परवा इथे एकांनी लिहिलं, फँटसीत बायकांवरचे अत्याचार दाखवावेच लागतात, मध्ययुग तसंच होतं आणि नायिका त्यातूनच कणखर होतात. डोकंच फिरलं. मध्ययुगाचा एवढा पुळका आहे तर त्या काळातलं काही वाचा तरी! १२०० च्या सुमाराचं जर्मन महाकाव्य ‘निबेलुंगेनलीड’ घ्या. भाला, शिळा, उडी, तिन्हींत हरवेल त्यालाच राणी ब्रुनहिल्ड वरणार. राजा गुंथर जिंकतो ते अदृश्य करणारा झगा घालून वीर जिगफ्रीड मदतीला असतो म्हणून. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याची मोटळी बांधून खुंटीला टांगते. दुसऱ्या रात्री अंधारात पुन्हा जिगफ्रीड. तो तिला नमवतो, अंगठी आणि कमरपट्टा ढापतो, मग नवरा पुढे सरतो. त्यानंतर तिच्यात इतर कुठल्याही बाईएवढीच ताकद उरते, असं कवी सरळ सांगतो. कणखर बिणखर काही नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे कळत होतं!

बोरकूट
कळत होतं? खुंटीवरचा नवरा हा तिथे चक्क विनोद आहे. आणि झटापटीत जिगफ्रीडला चिंता कसली, तर ही जिंकली तर यापुढे सगळ्याच बायका नवऱ्यांच्या डोक्यावर बसतील! माजलेल्या बाईची जिरवली, एवढंच ते. त्यापेक्षा ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली मार्टिनची लढवय्यी ब्रिएन बरी. सगळं सोसून तलवार सोडत नाही.

सह्यकडा
मार्टिन वाचलाय, की मालिकेवरच भागवलंय? २०१५ च्या सीझनमध्ये सरदाराची पोर सान्सा, तिला बलात्कारी रॅमझीच्या गळ्यात बांधली. पुस्तकात ती तिथे नाहीच. तिची मैत्रीण जेन पूल हिला सान्साची बहीण आर्या म्हणून त्याच्याशी खपवतात.

बोरकूट
झालं सुरू! नोकरी आणि पोरं सांभाळून ते ठोकळे कधी वाचायचे? मालिका बघणाऱ्यांनी तोंड उघडू नये, असा फतवा कधी निघाला?

सह्यकडा
फतवा नाही, पण मग ‘मार्टिनची’ म्हणू नका. २०१९ मध्ये सान्साच्याच तोंडी घातलं की रॅमझी वगैरे नसते तर मी चिमणीच राहिले असते. हे पाप मालिकेचं.

शेवंता
तुमचं पुस्तक-मालिका चालू द्या. कॉलेजात असताना लोकलमध्ये एकाने अंगाला हात लावला होता. मी कणखर झाले नाही. ती गाडी सोडली, मग तो क्लासही सोडला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली टोल्कीनची एओविन मला म्हणून आवडते. नाझगुलांच्या, म्हणजे त्या सैतानी स्वारांच्या, सरदाराला मारण्याआधी तिच्यावर कुणी बलात्कार करावा लागला नाही.

बोरकूट
आणि मग? ढाल ठेवली, लग्नाला तयार!

घारी
निदान स्वतः ठरवून. बाकी कवी काही साधू नव्हता, घ्या, मानलं. जिगफ्रीडची बायको क्रीमहिल्डही शेवटी नवऱ्याला मारणाऱ्या हागेनचं डोकं उडवते, तर लगेच तिचे तुकडे होतात.

बोरकूट
मग सान्साचा तो संवाद भिकार होता हे मीही मानतो, शेवंताबाईंसाठी. सह्यकडांसाठी नाही! मार्टिनचा पाचवा खंड २०११ चा. पुढचा आला की सांगा, मग सगळे एकदम वाचतो.