फोरूग फारोखजादचा कुष्ठवसाहतीवरचा लघुपट: कॅमेरा इतका जवळ का?

पाटीपेन्सिल: इराणी कवयित्री फोरूग फारोखजादचा ‘घर काळं आहे’ (१९६२) काल पाहिला. वीसेक मिनिटांचा, कृष्णधवल, तबरीझजवळच्या बाबा बागी वसाहतीतला. सुरुवातीलाच एक बाई आरशात बघते आणि कॅमेरा तिच्या विरूप चेहऱ्याकडे सरकत जातो. मला बघवेना. दुसऱ्याच्या व्यंगावर असा कॅमेरा रोखण्यात कसली करुणा?

निशाचर: मला फोरूगच्या आवाजातलं काव्य भिडलं. पण मध्येच पुरुषाचा आवाज रोगाची माहिती देतो, तिथे लय तुटते.

वर्धेकरीण: माझी सगळी नोकरी कुष्ठरुग्णांच्या हातापायांना व्यायाम देण्यात गेली, म्हणून लिहिते. बोटं आपोआप झडत नाहीत. नसा निकामी होतात, कातडी बधिर होते. मग चुलीवरचं भांडं उचलताना हात भाजला तरी कळत नाही, पायात खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो. स्वतःचाच हात परका होतो. जखमा चिघळतात आणि बोटं झिजत जातात. आम्ही रुग्णांना आरसा द्यायचो तो रोज तळपाय तपासायला. चेहरा बघायला कुणी आरसा मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून ते पहिलं दृश्य बघताना मी हलले. आधी ती बाई स्वतःला बघते, आपण तिच्या मागून बघतो. पुढे त्याच वसाहतीत केस विंचरणं आहे, लग्न आहे, चेंडू खेळणारी पोरं आहेत.

निशाचर, तो पुरुषी आवाज निर्माते इब्राहिम गोलेस्तान यांचा. हा रोग बरा होतो, तो गरिबीच्या सोबतीने येतो, हे तो सांगतो. फोरूगच्या आवाजात बायबलचा जुना करार, कुराण आणि तिच्या स्वतःच्या ओळी मिसळल्या आहेत. नुसतं ते काव्य ठेवलं असतं तर बघणारा रडून घरी गेला असता. औषध आहे, हे कळलं की चीड येते, आणि ती यायलाच हवी.

वर्गातलं दृश्य मात्र मला खुपतं. मुलाला कुरूप गोष्टींची नावं विचारतात. तो हात, पाय, डोकं म्हणतो आणि वर्ग हसतो. लेकराला हे विचारायला नको होतं.

पाटीपेन्सिल: ताई, आमच्या कॉलेजात दाखवायचा आहे. नसांचं आधी समजावून सांगू का?

वर्धेकरीण: आधी नको. बघू द्या, मग बोला. जवळच्या कुष्ठरोग केंद्रातून एमसीआरची, म्हणजे बधिर पायांना जपणाऱ्या खास रबराची, मऊ चप्पल मागून आणा आणि मुलांच्या हातात द्या.