दात येऊन राहिले; दुधाचा बर्फ चोखायला देऊ का?

मानेवाड्याची आई
पोरगा सात महिन्यांचा, खालचे दात येऊन राहिले. लाळेरं बदलून बदलून थकलो. मी दिवसा मिहानला ऑफिसात असते. सासूबाई माझं काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजतात, पण आता चमचा हिरडीला लागला की किंचाळतो. फ्रीझरमध्ये मार्चपासूनच्या पिशव्या आहेत. ते वितळवून त्याचे छोटे तुकडे जमवले तर? सासूबाई म्हणतात सर्दी होईल, त्यापेक्षा हिरडीला मध लाव.

सक्करदरावाली
पिशवीतलं नको. एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. ते नुसतं गार पाज. बर्फ आज काढलेल्या दुधाचा कर. ट्रेच्या एकेका खणात थोडंसंच ओत, अन् तुकडा सिलिकॉनच्या जाळीच्या चोखणीत घालून दे. मोकळा तुकडा घशात अडकते, म्हणून हातात नाही. चटईवर बसवून दे बापा, गादीवर नाही! माझी पोरगी दोन्ही मुठींनी धरून चावायची, दूध कोपरांवरून ओघळायचं, अन् उन्हाळ्यात तो आंबट वास काही केल्या जात नाही. चोखणी लगेच उलटी करून धू, जाळीत साय अडकते.
गारानं सर्दी होत नाही, पण त्यावर भांडू नको. मधावर मात्र ठाम राहा. वर्षाच्या आत मध नाहीच, बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषानं होणाऱ्या जीवघेण्या आजाराचा, धोका असतो.

बर्डीकर
ताई, बाहेर चार तास टिकते म्हणतात ते २५ अंशांपर्यंत. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला जाते, कुलर लावला तरी स्वयंपाकघर तापलेलंच. काढलं की सरळ फ्रीजमध्ये, आत मागे, दारात नाही. तिथं चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. वितळवलेलं फ्रीजमध्येच ठेवून २४ तासांत संपवा, उष्टं उरलं तर दोन तासांनी फेका. जीव तुटते, पण फेका.

दोन पोरांची माय
ताप १००.४च्या वर गेला तर दातांवर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा. हिरडी बधिर करायचं बेंझोकेनचं जेलही नको. स्वच्छ बोटानं हिरडी चोळा.

मानेवाड्याची आई
सासूबाईंना वाचून दाखवलं. मध रद्द, पण बर्फाचा पहिला तुकडा त्या स्वतः देणार म्हणे. अजून एक, वितळवलेल्या दुधाला साबणासारखा वास काहून येते?

सक्करदरावाली
दुधातल्याच लायपेजनं, म्हणजे चरबी फोडणाऱ्या एन्झाइमनं. नासलेलं नाही. पोरगा पीत असेल तर खुशाल पाज.